देवरूखच्या पडवीतला डेबियन: एका घरगुती मिररचं प्रकरण

ताईचं घर देवरूखला, गावाबाहेरच्या वाडीत. मागच्या पडवीला जाळी मारून भावोजींनी वर्ग केलाय. सकाळी दहावीच्या शिकवण्या, संध्याकाळी सहा ते आठ संगणक. पाच डेस्कटॉप एका पतसंस्थेने लिलावात काढलेले, सहावा कुणीतरी देऊन टाकलेला जुना नेटबुक. २०२३ च्या दिवाळीत या सगळ्यांवर डेबियन १२ ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली मी घातली. विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते आणि चार जीबी मेमरीत एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बरा चालतो. फायबर वाडीपर्यंत अजून आलेलं नाही. खिडकीत फोर-जी राउटर, त्यात सिम, दिवसाला दोन जीबी. ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट आहे म्हणायचं, इतकंच.

डिसेंबर २०२४ मध्ये एका रविवारी भावोजींचा फोन आला. "अरे, सकाळी पुसायला म्हणून सगळी यंत्रं चालू केली, तर अकराच्या आत नेट खलास. पोरं आलीसुद्धा नव्हती. खाल्लं कोणी?"

खाल्लं होतं मीच. सहाही यंत्रांवर सुरक्षा-अपडेट आपोआप यावेत अशी सोय मी करून ठेवली होती. डेबियनमध्ये या कामाचा टायमर दिवसातून दोनदा वाजतो, आणि यंत्र बंद असताना वेळ टळून गेली असेल तर यंत्र चालू झाल्यावर ती भरून काढतो. म्हणजे भावोजींनी फडकं हातात घेतलं आणि सहा यंत्रांनी एकदम हात पसरले. फायरफॉक्सची नवी आवृत्ती आणि त्याच आठवड्यात नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) आला की एका यंत्राला अडीचशे-तीनशे एमबी लागतात. गुणिले सहा. एकच फाइल सहा वेळा त्याच सिममधून खाली उतरत होती, शेजारच्या टेबलावर ती आधीच आलेली असताना.

अपडेट बंद करून टाकू, असं भावोजी म्हणाले. ते मला मान्य नव्हतं. पोरं सायबर कॅफेतून पेनड्राइव्ह आणतात, आणि ताईच्या बँकेचं कामही कधी कधी याच यंत्रांवर होतं.

पहिला डाव फसला

पुण्यात माझ्याकडे फायबर आहे आणि एक टीबीची डिस्क रिकामी पडली होती. मग डोक्यात आलं, अख्खा मिररच, म्हणजे डेबियनच्या भांडाराची पूर्ण प्रतच, का नेऊ नये? ॲप्ट-मिरर नावाची जुनी, पर्लमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट आहे. तिला कोणती आवृत्ती, कोणती आर्किटेक्चर हवी ते एका फाइलीत सांगायचं, ती वीस-वीस धागे लावून सगळं उतरवून घेते. मी कानपूरच्या आयआयटीतला मिरर दिला, बुकवर्मची (हे डेबियन १२ चं नाव) ६४-बिटी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांचे गठ्ठे, आणि सुरक्षा-अपडेट मागितले आणि झोपलो. दोन रात्रींत शंभर जीबीच्या आतबाहेर माल आला. डिस्क पिशवीत घातली, नाताळच्या सुट्टीत स्वारगेटवरून एसटी पकडली. हातात पिशवी घेऊन शंभर जीबी आठ तासांत देवरूखला, हा वेग फोर-जीला कधी जमला नसता, म्हणून मी स्वतःवर खूशही होतो.

पहिले चार दिवस सगळं झकास. पंधरा दिवसांनी भाच्याने फोटो पाठवला: रिलीज फाइलची मुदत संपली आहे, या भांडारातले अपडेट लावले जाणार नाहीत.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण सोयीस्कर विसरलो होतो. डेबियनच्या सुरक्षा-भांडाराच्या यादीवर, म्हणजे या रिलीज फाइलीवर, साधारण आठवडाभराची मुदत लिहिलेली असते. कारण सरळ आहे. एखाद्याने मुद्दाम महिन्यापूर्वीची, खरीखुरी सहीची यादी तुमच्यापुढे ठेवली, तर सही बरोबर जुळेल आणि मधल्या महिन्यातल्या दुरुस्त्या तुम्हाला कधी दिसणारच नाहीत. म्हणून ॲप्ट, म्हणजे डेबियनमधलं पॅकेजं उतरवून बसवणारं साधन, शिळी यादी नाकारतं. पिशवीतून आणलेला मिरर हा त्याच्या दृष्टीने शिळाच. ही तपासणी बंद करायचा एक पर्याय असतो, भाच्याने तो शोधूनही काढला होता. त्याला म्हटलं, हात लावू नकोस.

दुसरी गोष्ट डिस्क उघडून बघताना खटकली. बुकवर्ममध्ये ६४,४१९ पॅकेजं आहेत. वर्गातल्या यंत्रावर बसवलेली मोजली तर दोन हजारांच्या आसपास. बाकीची बासष्ट हजार मी एसटीने घाट उतरवून आणली होती. खगोलशास्त्राची, जनुकशास्त्राची, फिनिश भाषेच्या शुद्धलेखनाची. कार्यालयात किंवा कॉलेजात, जिथे शेकडो लोक काय मागतील सांगता येत नाही, तिथे अख्खा मिरर शोभतो. घरात तो म्हणजे चार माणसांसाठी तालुक्याचं गोदाम.

माठ भरतो तसा

मग जानेवारीत जे केलं ते आधीच करायला हवं होतं. ॲप्ट-कॅशर-एनजी हा मध्यस्थ आहे. वर्गातलं यंत्र पॅकेज त्याच्याकडे मागतं. त्याच्याकडे असेल तर देतो, नसेल तर बाहेरून आणतो, मागणाऱ्याला देता देता एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्याने तेच मागितलं की घरातूनच. यात आधी काही भरून ठेवावं लागत नाही, मागणीप्रमाणे साठा होत जातो. 'कॅशे' हा शब्द ऐकून ताईने विचारलं, "कॅश? किती लागेल?" लागले शून्य रुपये.

यंत्र कोणतं ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. भाच्याला रास्पबेरी पाय हा मेमरी कार्डावर चालणारा छोटा संगणक हवा होता. मी नाही म्हटलं. देवरूखला पावसाळ्यात दिवसातून पाच वेळा वीज जाते, आणि लिहिताना वीज गेली की मेमरी कार्डाचं काय होतं ते मी पाहिलंय. त्याऐवजी माझा जुना लॅपटॉप नेला. स्क्रीनला आडवी चीर गेलेली, कीबोर्डचं 'ई' उडालेलं, पण बॅटरी पाऊण तास धरणारी. वीज गेली तरी हा आपला चालू. एकच काम आठवणीने करावं लागतं: झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो, ते लॉगइन-व्यवस्थेच्या सेटिंगमध्ये बंद करायचं. ते विसरलो म्हणून पहिल्या रात्री सर्व्हर शांत घोरत पडला होता.

बसवायला अर्धा तासही लागला नाही. लॅपटॉपला राउटरमध्ये कायमचा पत्ता दिला, १९२.१६८.१.१०. ॲप्ट-कॅशर-एनजी पोर्ट ३१४२ वर ऐकतो. गणितातल्या पायची (π) किंमत तीन दशांश स्थळांपर्यंत, म्हणून पोरांच्याही लक्षात राहते. वर्गातल्या प्रत्येक यंत्रावर ॲप्टच्या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरात एक ओळीची फाइल टाकायची: एचटीटीपीसाठी प्रॉक्सी (मध्यस्थ) हा पत्ता, हे पोर्ट. भांडारांच्या यादीला हात लावायचा नाही. उद्या लॅपटॉप बिघडला तर ती एक फाइल पुसली की यंत्र पूर्वीसारखं थेट बाहेर जातं. मला या सोयीचं सगळ्यात जास्त कौतुक आहे.

पहिल्या यंत्रावर अपडेट चालवलं तेव्हा आकडा नेहमीसारखा सरपटत होता, सेकंदाला चार-पाचशे केबी. भाचा खुर्चीवर उलटा बसून बघत होता. ते झाल्यावर दुसऱ्या यंत्रावर तीच आज्ञा दिली. सेकंदाला अकरा एमबी. पट्टी एकदम शेवटाला गेली.

"मामा, झालं? उतरवलंच नाही ना काही?"

"उतरवलं. पण तुझ्या पाठीमागून."

तो वळून टेबलाखालच्या लॅपटॉपकडे बघायला लागला. अकराच का, त्याहून जास्त का नाही, हे त्याला नंतर कळलं: वर्गातला आठ खणांचा स्विच १०० एमबीपीएसचा आहे, त्याच्यापलीकडे काही निघत नाही. तो बदलायचं माझ्या मनात होतं. अजून बदललेला नाही, गरज पडली नाही.

एक बारकावा इथे सांगतो. सहा यंत्रं वेगवेगळ्या वेळी बसवलेली असल्यामुळे त्यांच्या यादीत मिररचे पत्ते वेगवेगळे होते, कुठे डेबियनचा सर्वसाधारण पत्ता, कुठे कानपूर. साधा प्रॉक्सी असता तर त्याने एकाच पॅकेजच्या दोन प्रती ठेवल्या असत्या. ॲप्ट-कॅशर-एनजीकडे जगभरच्या डेबियन मिररची यादी असते आणि ते सगळे तो एकच मानतो. त्यामुळे स्क्विडसारखा साधा प्रॉक्सी असताना वेगळं काही का घालायचं, या प्रश्नाला माझं उत्तर हेच असतं.

नेटबुकला मात्र या साठ्याचा अर्धामुर्धाच फायदा झाला. तो ३२-बिटी, त्याच्या प्रोग्रामांची पॅकेजं वेगळी. फॉन्ट, भाषांतरं, चित्रं-आवाज अशी जी पॅकेजं सगळ्या आर्किटेक्चरना सारखीच असतात, तेवढी त्याला साठ्यातून मिळतात. लोहित देवनागरी हा फॉन्ट आणि लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर त्याने इतरांच्याच पानातून घेतलं.

रात्रीचा हप्ता

एवढ्याने सहाचं एक झालं. पण ते एकही भावोजींच्या दिवसाच्या दोन जीबीतूनच जात होतं. त्यांच्या सिमवर रात्री बारा ते सकाळी सहा वापर मोजला जात नाही. वर्गातली यंत्रं रात्री बंद असतात, लॅपटॉप चालू असतो. तेव्हा लॅपटॉपवरच वर्गाची सगळी पॅकेजं बसवून टाकली, म्हणजे एका यंत्रावरची बसवलेल्या पॅकेजांची यादी काढून याला भरवली. लॅपटॉपला ना लिब्रेऑफिस उघडायचंय ना जीकॉम्प्रिस खेळायचंय, पण त्याला ती 'हवी आहेत' असं वाटलं पाहिजे. रात्री दोन वाजता तो स्वतःचे अपडेट स्वतःच्याच प्रॉक्सीमधून मागतो. फाइली साठ्यात पडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ग उघडला की सगळं घरातूनच मिळतं.

म्हणजे शेवटी मिररच झाला, पण यादी आपली. बासष्ट हजार वगळून.

सही कुठे असते

भावोजी विज्ञानाचे. त्यांनी एकदा विचारलं, "हे सगळं एचटीटीपीवर चालतं म्हणतोस. कुलुपाशिवाय. उद्या मध्ये कुणी भेसळ केली तर? तुझ्या लॅपटॉपातच कुणी केली तर?"

प्रश्न रास्त होता. डेबियनमध्ये विश्वास रस्त्यावर ठेवलेला नाही, मालावर ठेवलेला आहे. सगळ्यात वर रिलीज फाइल, तिच्यावर डेबियनच्या किल्लीची सही. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे शा-२५६ ठसे, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे. त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. सही तपासायची सार्वजनिक किल्ली वर्गातल्या प्रत्येक यंत्रावर, बसवतानाच आलेली. लॅपटॉपात एखादी फाइल एका बिटाने जरी बदलली, तरी मागणाऱ्या यंत्रावर ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती फेकून देतं. मध्यस्थ अप्रामाणिक असला तरी चालेल अशीच ही रचना आहे.

"म्हणजे कधीच काही होत नाही?"

कधीच असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्येच भोक सापडलं. सर्व्हरने 'ही फाइल तिकडे आहे' म्हणून दुसरा पत्ता दिला, तर तो हाताळताना मध्ये बसलेल्याला आपलं पॅकेज आत सरकवता येत होतं, ठसा-सहीच्या तपासणीला चकवून. दुरुस्ती आली तेव्हा गंमत अशी की ती दुरुस्तीही त्याच भोकाच्या ॲप्टने उतरवायची होती, म्हणून डेबियनने तेवढ्यापुरतं पत्ता-बदल बंद ठेवून अपडेट करा असं सांगितलं. भावोजींना हे फार आवडलं. त्यांनी वर्गात सांगितलं.

साठ्याचा दरवाजा मात्र घरापुरताच ठेवायचा. ३१४२ राउटरमधून बाहेर उघडायचं नाही, कुणीही येऊन तुमच्या नेटवर फिरायला लागेल. व्यवस्थापनाच्या पानाला पासवर्ड घालायचा. एवढं पुरतं.

तीन यंत्रं मागच्या महिन्यात अडकलेली

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो.

मेअखेरीस सुट्टीत गेलो तेव्हा लक्षात आलं की एक यंत्र साठ्याला बगल देतंय. त्याच्या भांडारांच्या यादीत मी कधीतरी एचटीटीपीएस लिहून ठेवलं होतं. एचटीटीपीएस म्हणजे बंद लखोटा, मध्यस्थाला आतलं दिसत नाही, म्हणून साठवताही येत नाही. तो 'एस' काढला. शिवाय एका कोड एडिटरचं स्वतंत्र भांडार होतं, तेही लखोटेबंद. ते काढून डेबियनमधलं थॉनी घातलं, पायथन शिकवायला तेच बरं आहे. आणि भावोजींच्या सांगण्यावरून राउटरमध्ये नियम केला: वर्गातल्या यंत्रांना बाहेरचं नेट नाही, फक्त लॅपटॉपला. यूट्यूबही बंद, चोरवाटाही बंद. ही तारीख १ जून २०२५, रविवार दुपार. समाधानाने पुण्याला परतलो.

२० जुलैला भावोजींना एका यंत्रावर काही बसवायचं होतं म्हणून त्यांनी हाताने अपडेट चालवलं आणि मला फोटो पाठवला. मजकूर असा: रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, वैध व्हायला आणखी ४४ दिवस आणि काही तास.

मुदत संपली हे मी पाहिलं होतं. मुदत सुरूच व्हायची आहे, हे नवीन. मी साठ्यावर संशय घेतला. फोनवरून लॅपटॉपातल्या याद्या पुसायला लावल्या, सेवा पुन्हा सुरू करायला लावली. काही फरक नाही. मग कळलं की सहापैकी तीन यंत्रांवर सगळं ठीक आहे आणि तीनांवर नाही. मग वायरींवर संशय, मग स्विचवर. भावोजींनी वायरी अदलाबदल केल्या. तास गेला. शेवटी पुन्हा तोच फोटो मोठा करून पाहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. ५ जून.

या तीन यंत्रांच्या मदरबोर्डवरची सेल केव्हाच मेली होती. सीआर२०३२, बटणासारखी चपटी, तीन व्होल्टची. ती मेली की यंत्र बंद असताना घड्याळ चालत नाही, आणि चालू करताना 'सेटिंग हरवली, एफ-वन दाबा' असं विचारतं. पोरं रोज एफ-वन दाबत होती. शाळेत घंटा होते तसं संगणकात एफ-वन असतं, अशी त्यांची समजूत. मला कुणी बोललंच नाही.

इतके दिवस हे उघडं पडलं नाही, कारण यंत्र चालू झालं की इंटरनेटवरून बरोबर वेळ घेत होतं. १ जूनला ते दार मीच बंद केलं. पण मग घड्याळ एकदम २००९ वर का गेलं नाही? गेलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांत आलं असतं. डेबियनमधली वेळ जुळवणारी सेवा अधूनमधून चालू वेळ डिस्कवर टिपून ठेवते, आणि यंत्र उघडताना घड्याळ त्याच्यामागे दिसलं तर निदान त्या वेळेपर्यंत पुढे ढकलते. म्हणजे काल संध्याकाळी आठला बंद केलेलं यंत्र आज सहाला उघडलं की त्याच्या मते अजून कालचेच आठ वाजलेत. मधले बावीस तास त्याच्या आयुष्यात झालेच नाहीत. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला बारा तास. सात आठवडे. चौऱ्याऐंशी तास, साडेतीन दिवस. १ जूनची दुपार अधिक साडेतीन दिवस: ५ जून. हिशेब कागदावर मांडला आणि तो असा काट्यावर आला की चिडायचं राहून गेलं.

झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. सात आठवडे त्या तीन यंत्रांवर एकही अपडेट लागला नव्हता. आपोआप चालणारं काम गपचूप नापास होत होतं, नोंद लॉगमध्ये, लॉग कोण बघतो? सुरक्षिततेसाठी घातलेल्या नियमानेच सुरक्षितता बंद पाडली होती, आणि पडद्यावर सगळं हिरवंगार.

दुरुस्ती साधी. भाच्याने बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याकडून तीन सेल आणल्या. पण सेल पुन्हा मरतील, म्हणून लॅपटॉपवर क्रोनी बसवला. डेबियनसोबत येणारी छोटी सेवा दुसऱ्याकडून वेळ घेऊ शकते, देऊ शकत नाही. क्रोनी दोन्ही करतो. वर्गातल्या यंत्रांना सांगितलं, वेळ १९२.१६८.१.१० कडून घ्या. आता पॅकेज आणि वेळ दोन्ही एकाच टेबलाखालून येतात. आणि रविवारी सकाळी प्रत्येक यंत्राची शेवटची यशस्वी अपडेटची तारीख एका फाइलीत जमा होते, ती भावोजी मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. ही तारीख तपासणं मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. घरगुती मिररवरच्या माहितीपत्रकांत पोर्ट असतं, डिस्कचा आकार असतो. नेटपासून तोडलेल्या यंत्राला वेळ कोण सांगणार, हे मला तरी कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

किरकोळ

भाच्याचा स्वतःचा लॅपटॉप रत्नागिरीला कॉलेजात जातो. तिथे ॲप्ट १९२.१६८.१.१० ला हाका मारत बसायचं. ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी नावाचं पॅकेज त्यावर आहे, ते जवळपास साठा सापडला तर वापरतं, नाहीतर सरळ बाहेर जातं.

पायथनची पॅकेजं ॲप्टमधूनच घ्यायची असं धोरण ठेवलंय. डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) तसंही सिस्टीममध्ये थेट बसवू देत नाही, वेगळं आभासी वातावरण करा म्हणतं. बारावीच्या दोघांना ॲप्टमध्ये न मिळणारं काही हवं होतं तेव्हा देवपाय बसवलं. ते पायथनच्या भांडारासाठी तेच काम करतं, आणि त्याचं ठरलेलं पोर्ट ३१४१. पायचे खरे पहिले चार आकडे यांच्याकडे, पूर्णांकन केलेले ॲप्टवाल्याकडे. बारावीच्या पोरांना यावरून पूर्णांकन कायमचं कळलं असावं.

दिवाळीतला घाट

डेबियन १३, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. ६९,८३० पॅकेजं. गणपतीत सवड नव्हती, दिवाळीला वर्गाला सुट्टी म्हणून तेव्हा ठरवलं. आधी लॅपटॉप, रात्री बारानंतर. भांडारांच्या यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहिलं आणि सोडून दिलं. दीड-पावणेदोन जीबी उतरले, सकाळी सहाच्या आत. पाडव्याला पाच डेस्कटॉप एकामागून एक. दिवसाच्या दोन जीबीतले शंभरही एमबी गेले नाहीत. वेळ मात्र गेला. नेट अडवत नव्हतं, पतसंस्थेच्या त्या जुन्या फिरत्या हार्डडिस्क अडवत होत्या. प्रत्येकीला तासाच्या वर, खरखर आवाज करत. ताई फराळाचं ताट ठेवून गेली आणि म्हणाली, "हे गिरणीसारखं किती वेळ चालणार?"

नेटबुक राहिला. ट्रिक्सीपासून डेबियनने ३२-बिटी पीसीचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद केले. त्यातला ॲटम एन२७० प्रोसेसर ३२-बिटीच्या पुढे जाऊ शकत नाही. तो बुकवर्मवरच आहे, आणि त्याच्या एकट्यासाठी साठ्यात जुन्या याद्या सांभाळल्या जातात. रोजची साफसफाई फक्त तीच पॅकेजं काढते, जी कुठल्याही चालू यादीत उरलेली नाहीत. सगळा साठा आज बारा-तेरा जीबी आहे. एक टीबीची डिस्क मी परत आणली.

यंदा शिमग्याला गेलो तेव्हा भाचा म्हणाला, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. उलटा करून पाहिला तर खालचं झाकण मधोमध वर आलेलं. बॅटरी फुगली होती. सव्वा वर्ष चोवीस तास चार्जरला, त्यात पत्र्याखालची पडवी. 'घरचाच यूपीएस' म्हणून मी ज्याची जाहिरात केली होती तो हा. तिथल्या तिथे बंद केला, स्क्रू काढून बॅटरी बाहेर काढली आणि अंगणात वाळूच्या घमेल्यात ठेवली. मुलांना तिकडे जायला बंदी. आता लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतो, तो चार्जर हॉलमधल्या इन्व्हर्टरला जोडलाय. त्यासाठी पडवीपर्यंत वायर ओढावी लागली. भावोजींनी ती पावसाच्या आत केसिंगमध्ये घालायचं कबूल केलंय.